मीटिंगमध्ये माकड

पहिला आठवडाभर जयलक्ष्मीबाईंनी तो टॅब भिंतीकडे तोंड करून ठेवला. रोज सकाळी त्यातून स्मृती नावाची मुलगी हाका मारायची, "बाई, तुम्ही दिसत नाही!" आणि बाई स्वयंपाकघरातून उत्तर द्यायच्या, "मला दिसायचं नाहीच आहे."

बाई धारवाडला मळमड्डीत एकट्या राहत. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, यजमान गेले, मुलगा श्रीनिधी मेलबर्नला. गेल्या पावसाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या, मनगटाला प्लास्टर लागलं, आणि श्रीनिधीने तिकडे बसल्या बसल्या बंगळुरूच्या एका कंपनीत त्यांचं नाव घालून टाकलं. एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांची ही कंपनी व्हिडिओवरून काळजी घ्यायची. गोळ्यांची आठवण, बीपीची चौकशी, आणि रोज सकाळी एकाच भागातल्या दोघातिघांची मिळून एक बैठक. आधी खुर्चीत बसून व्यायाम, मग गप्पा.

"मला काय राखणदार हवाय का रे?" बाईंनी विचारलं होतं.

"राखणदार नाही गं आई, सोबत."

"काचेतली?"

टॅब सरळ झाला तो शाल्मला नदीमुळे. एका सकाळी बाई कोथिंबीर निवडत होत्या आणि भिंतीकडे तोंड केलेल्या टॅबातून एक गडगडाटी पुरुषी आवाज ठासून सांगत होता की, शाल्मला पुढे जाऊन मलप्रभेला मिळते. बाईंनी कोथिंबीर टाकली, टॅब गर्रकन फिरवला आणि म्हणाल्या, "साफ चूक! ती पश्चिमेला जाते. अरबी समुद्रात!"

पडद्यावर कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आ वासून बघत राहिले. हे शेषगिरीराव. वकिली सोडून धारवाड-हुबळीच्या मधे रायापूरला बंगल्यात एकटेच राहणारे. "आपण कोण, अक्का?" त्यांनी विचारलं.

"शाळामास्तरीण."

"मग हरकत मान्य," शेषगिरीराव म्हणाले.

त्या दिवसापासून बाई सकाळची वाट बघायला लागल्या. तिसऱ्या होत्या हुबळीच्या मथुराक्का. लॅमिंग्टन रोडच्या मागे राहायच्या, पूर्वी शिवणकामाचे क्लास चालवायच्या. कानाचं यंत्र घालायला विसरायच्या आणि मग जगालाच कमी ऐकू येतं असं समजून ओरडून बोलायच्या. तिघं रोज भांडायची. पेढ्यावरून, पाण्यावरून, फोडणीत आधी मोहरी की जिरं यावरून. स्मृती मधूनच म्हणायची, "खांदे फिरवत फिरवत भांडा." एकमेकांना प्रत्यक्ष भेटावं असं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. बाई तर प्लास्टर निघाल्यापासून कोपऱ्यावरच्या देवळापलीकडे गेल्याच नव्हत्या.

माघातला मंगळवार होता. हवेत गारठा होता, म्हणून शेषगिरीराव ऊन खात व्यायाम करायला गच्चीवर बसले होते. शेजारी स्टुलावर केळ्यांची फणी. स्मृती म्हणाली, "आता हात वर, आणि श्वास..." तेवढ्यात त्यांच्या चौकटीत एक केसाळ हात आला. मग चौकट गरागरा फिरली. आकाश, पाण्याची टाकी, आंब्याची पानं, पुन्हा आकाश. आणि मग पडदाभर दात.

"शेषगिरीराव!" बाई किंचाळल्या. "काय झालं हो तुम्हाला?"

"ते माकड आहे, बाई," स्मृती म्हणाली.

माकडाने फोन पळवला होता. एका हातात केळं, दुसऱ्या हातात बैठक, असं ते अंगणातल्या आंब्यावर जाऊन बसलं होतं आणि तिघींकडे आळीपाळीने निरखून बघत होतं. मथुराक्का पुढे झुकून म्हणाल्या, "शेषगिरीराव, आज दाढी केली नाही वाटतं?"

"अक्का, यंत्र घाला!" बाई आणि स्मृती एकदमच ओरडल्या.

तेवढ्यात लांबून खुद्द शेषगिरीरावांचा आवाज आला. "अहो ऐका! मी गच्चीवर अडकलोय!" माकडं घरात शिरू नयेत म्हणून त्यांनी गच्चीचं दार धाडकन ओढून घेतलं होतं. दाराला लॅच. किल्ली आत, फोन झाडावर, आजूबाजूचे सगळे कामावर गेलेले.

स्मृतीने कंपनीने शिकवलेलं सगळं पटापट करून पाहिलं. पुण्याच्या पुतण्याला फोन लावला, तो उचलेना. शेजाऱ्यांना लावला, तो बंद. शेवटी ती म्हणाली, "काका, मी अग्निशमन दलाला बोलावते."

"खबरदार!" आवाज आला. "मी अर्ध्या चड्डीवर आहे!"

मग बाईंना हसू फुटलं. असं फुटलं की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला. रोज दिसणारा तो कडक शर्ट, आणि खाली चड्डी! हसता हसताच त्यांनी पायात चपला सरकवल्या.

"बाई, कुठे निघालात?" स्मृतीने विचारलं.

"रायापूरला."

"तुमचं मनगट..."

"मनगटावर चालत जाणार आहे का मी? मथुराक्का, यंत्र घातलंत? तिकडून चिगरी बस पकडा आणि रायापूरच्या स्टॉपवर उतरा. मी धारवाडकडून येते."

रस्त्यावर येताच त्यांनी हात केला तो नागोजीच्या रिक्षाला. टॅब मांडीवर, त्यात माकड तसंच हजर. नागोजीने आरशातून पाहिलं आणि विचारलं, "नातू काय हो, बाई?"

"मीटिंग आहे," बाई म्हणाल्या. "जोरात घे."

रायापूरच्या स्टॉपवर मथुराक्का रुंद काठाची साडी नेसून उभ्या होत्या. बाईंना बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अय्यो! तुम्ही एवढ्या उंच?" पडद्यावर तिघांचीही नुसती डोकीच दिसायची ना. बाईंनी त्यांना रिक्षात ओढून घेतलं आणि दोघी एकमेकींच्या हाताला धरून उगाचच खिदळल्या.

आता पंचाईत अशी की, कंपनीकडच्या पत्त्यात नुसतं लेआउटचं नाव आणि "आंब्याजवळ" एवढंच. तिथे सगळे रस्ते सारखे, बंगले सारखे, आंबे तर दारोदार. दोन चकरा झाल्या तरी घर सापडेना. तेव्हा स्मृतीच बंगळुरूहून ओरडली, "रिक्षावाले काका, हॉर्न वाजवा! माकडाकडच्या फोनमधून मला ऐकू येतोय!"

नागोजीने हॉर्न दाबला.

"बारीक येतोय. पुढे जा... आणखी बारीक झाला. मागे फिरा! आता मोठा. उजवीकडे... मोठा, मोठा, अजून मोठा!"

रिक्षा पोंऽऽ पोंऽऽ करत गल्लीबोळांतून धावत होती. मथुराक्का प्रत्येक वळणावर "मोठा! मोठा!" म्हणून टाळ्या पिटत होत्या. फाटकांतून बायका डोकावत होत्या, एक कुत्रं मागे लागलं होतं. शेवटी हॉर्न दोन्हीकडून असा कर्कश घुमला की, स्मृतीने कानांवर हात ठेवले. "थांबा! हेच!"

वर गच्चीच्या कठड्याशी शेषगिरीराव उभे होते. डोक्यावर ओला टॉवेल, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि कठडा बरोब्बर कमरेपर्यंत. समोर आंब्यावर माकड. दोघांचा वाद चालला होता.

"मागचं दार नुसतं लोटलंय!" ते ओरडले. "पण आधी त्या गुंडाकडून फोन घ्या!"

मथुराक्कांनी पदर खोचला आणि झाडाखाली जाऊन कानडीत गरजल्या, "ए मंग्या! फोन कोडो!" माकडाने ढिम्म म्हणून हलायचं नाव घेतलं नाही, उलट फोन छातीशी धरला.

पण शेषगिरीरावांच्या बीपीच्या गोळीची वेळ झाली होती. कंपनीने कमी ऐकू येणाऱ्यांचा विचार करून ठरवलेला आठवणीचा आवाज एकाएकी माकडाच्या छातीवर दणाणला. "नमस्कार! गोळी घेतली का? गोळी घेतली का?" माकडाने जी आरोळी ठोकली ती नवनगरपर्यंत गेली असेल. फोन एकीकडे, केळं दुसरीकडे, आणि माकड कौलांवरून पसार. फोन जास्वंदीच्या कुंपणात अलगद पडला, आणि आतून स्मृती म्हणाली, "मला फुलं दिसताहेत."

दोघी मागच्या दाराने आत शिरल्या. जिना चढताना एकमेकींना थांबवत, धापा टाकत, हसत गच्चीच्या दाराशी पोचल्या. बाईंनी लॅच फिरवला. समोर शेषगिरीराव. खाली निळ्या पट्ट्यांची चड्डी. त्यांनी टॉवेल घाईघाईने कमरेला गुंडाळला, हात जोडले आणि म्हणाले, "या. बसा. चहा घेणार?"

मथुराक्का पायरीवरच बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. बाई दाराला टेकून हसत होत्या. इतकं हसू त्यांच्या पोटात शिल्लक होतं हे त्यांनाच माहीत नव्हतं. यजमान असताना त्या दोघांचं असं कधीमधी व्हायचं, काहीही कारण नसताना. त्यांना ते आठवलं, आणि वाईट वाटण्याऐवजी त्या आणखीच हसल्या.

तेवढ्यात टॅबवर श्रीनिधी उगवला. आईचं ठिकाण घराबाहेर गेल्याचा इशारा त्याच्या फोनवर गेला होता. "आई! तू कुठे आहेस? हे कोण? यांनी टॉवेल का नेसलाय?"

"हे वकीलसाहेब," बाई कशाबशा म्हणाल्या. "मला चहा विचारताहेत. नंतर कर रे फोन."

नागोजीसकट सगळ्यांनी चहा घेतला. शेषगिरीरावांनी लुंगी नेसून स्वतः उप्पिट केलं. फोडणीत आधी जिरं टाकलं म्हणून मथुराक्कांनी त्यांच्या हातून झारा काढून घेतला.

त्यानंतर दर मंगळवारी बैठक एकाच घरातून व्हायला लागली. कधी मळमड्डीला, कधी हुबळीला, कधी रायापूरला. कंपनीच्या साहेबांनी स्मृतीला विचारलं, "तीन नावं, आणि चौकट एकच कशी? बाकीच्या दोघांनी सेवा सोडली का?"

स्मृतीने फक्त पडदा साहेबांकडे वळवला. एकाच चौकटीत तीन डोकी कोंबून बसली होती, कुणाचा कान कापलेला, कुणाची हनुवटी. व्यायाम कुणीच करत नव्हतं. जयलक्ष्मीबाई एका हाताने नकाशा नाचवत होत्या, दुसऱ्या हाताने शेषगिरीरावांना गप्प करत होत्या, आणि मथुराक्का दोघांच्या मधून तोंड घालून ओरडत होत्या, "अगं स्मृती, तूच ये की गं धारवाडला! इथे कुणाला ऐकू येतच नाही!"