पूर्ण एक मिनिट

"आत्या, डॉक्टर व्हायला तुला मार्क कमी पडले होते का गं?"

भिंगरीने हे विचारलं ते आत्याच्या नर्सिंग कॉलेजात, भरल्या वर्गात! मैत्रिणींनी पैज लावली होती, 'तिच्या विद्यार्थिनींसमोर विचारून दाखव.' आणि भिंगरी म्हणजे पैजेला नाही म्हणणारी मुलगी नव्हेच. पण खरी गोष्ट अशी की उत्तर तिलाही हवं होतं. त्याच संध्याकाळी बाबा डॉक्टरकीच्या क्लासचा फॉर्म भरणार होते. तुला काय व्हायचंय, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तरी तिने काय सांगितलं असतं, देव जाणे.

आत्या लहान मुलांचं नर्सिंग शिकवणाऱ्या विभागाची प्रमुख. ती रागावली नाही, खो खो हसली.

"मार्क भरपूर होते. पहिली पसंतीच नर्सिंगला दिली होती. का, ते वॉर्डात दाखवते. चल, आधी हात धू."

वॉर्डात खोकल्यासाठी आणलेलं तीन महिन्यांचं बाळ आईच्या मांडीवर झोपलं होतं. आईला विचारून आत्याने बाळाचं झबलं अलगद वर केलं.

"याचे श्वास मोज. हात लावायचा नाही. पोट वर आलं की एक."

हात्तिच्या! भिंगरीने भिंतीवरच्या घड्याळात पंधरा सेकंद पाहिले, अकरा मोजले, चारने गुणले. "चव्वेचाळीस!"

मागोमाग आलेल्या विद्यार्थिनी फिसकन हसल्या.

"हुशार आहेस," आत्या म्हणाली, "पण बाळाला तुझे पाढे ठाऊक नाहीत. ते मध्येच थांबतं, मध्येच धावतं. पूर्ण मिनिट मोज."

भिंगरीने मोजलं. मिनिट एवढं लांब असतं? चाळीस... पन्नास... चौपन्न! हसू कुठल्या कुठे पळालं. या वयाला पन्नास म्हणजे धोक्याची घंटा. आत्या खाली वाकली. श्वासागणिक बाळाच्या बरगड्यांखाली खळगा पडत होता. तिने लगेच डॉक्टरांना बोलावलं.

"मॅडमनी मोजलेत?" डॉक्टरांनी येता येता विचारलं.

"हिने," आत्या म्हणाली. "पूर्ण मिनिट."

त्यांनी तपासलं, ऑक्सिजन लावला. "वेळेवर लक्षात आलं," असं बाळाच्या आईला सांगितलं, तेव्हा कुठे भिंगरीने स्वतःचा श्वास सोडला.

एक विद्यार्थिनी तिच्या कानाशी लागली. "पूर्वी सगळेच तुझ्यासारखं गुणायचे. मॅडम दोन वर्षं वॉर्डावॉर्डांत घड्याळ घेऊन बसल्या. किती बाळांचा धोका असा नजरेतून सुटतो, ते त्यांनी आकड्यांनी दाखवलं. लोक म्हणाले, नर्सला कशाला हवं संशोधन? आता वाच तो तक्ता."

बाळाच्या पायाशी लटकणाऱ्या तक्त्यावर छापलं होतं : 'श्वास – पूर्ण मिनिट मोजलेले.' माझ्या आत्याने! भिंगरीची मान अशी ताठ झाली की जणू तो तक्ता तिनेच छापून घेतला होता.

घरी बाबा पेन उघडून बसले होते. "ये, सही कर."

"नको."

"आत्याने कान भरले वाटतं?" आईने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं.

"छे! तिने नुसतं मोजायला लावलं." भिंगरीने फॉर्म उचलला, नीट घडी घालून बाबांच्या हातात दिला. "आई, तूही बाहेर ये, दोघांना एकदाच सांगते. मी लहान मुलांचं नर्सिंग शिकणार. मग शिकवणार. आणि संशोधनसुद्धा करणार!"