मैनाच्या दुधाचा नमुना

कारखान्यांच्या सांडपाण्यातलं रसायन आईच्या दुधात किती उतरतं आणि किती उतरलं तर तान्ह्याला बाधतं, याचा अभ्यास पाच देशांनी मिळून काढला होता. त्यासाठी महाडच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या काठचं एक गाव निवडलं. रूपाली महाडचीच, एम.एस्सी. झालेली. परदेशी डॉक्टरांचं बोलणं बायकांना समजावायचं आणि नमुने घ्यायचे, हे तिचं काम.

त्या गावातल्या मैनाचा मुलगा तेव्हा अगदी तान्हा होता. बाटलीत दूध काढून देताना ती म्हणाली, "ताई, कसं हाय ते सांगशील ना?"

"सांगेन."

दुधात रसायन निघालं. पण किती चालतं यावर देशांचं एकमत नव्हतं. एकाच्या मते मैनाचं दूध धोक्याचं, दुसऱ्याच्या मते निर्धास्त पाजावं असं. प्रमाण ठरेपर्यंत कुणालाही सल्ला देऊ नका, असं वरून बजावलं होतं. तरी शब्द दिला होता म्हणून रूपाली गेली.

"हाय का नाय त्यात?" मैनाच्या सासूनं, आनंदीबाईंनी, सरळ विचारलं.

"आहे. पण आहे म्हणजे वाईटच असं नाही, आजी. ते ठरायचंय. सगळ्या देशांची बैठक आहे."

"आनि तवर पोरानं काय प्यायचं?"

"पाजत राहू दे... असं मला वाटतं."

"तुला वाटतं!" आनंदीबाईंनी नातवाला मैनाच्या मांडीवरून उचललं.

मुंबईहून मैनाच्या नवऱ्यानं, किशोरनं, फोनवर सांगून टाकलं, "रिस्क कशाला घ्यायची? पावडर चालू कर."

डबा आला. पण आईचा वास आला की पोर बाटली तोंडात धरीना. तेव्हा मैनालाच माहेरी, वर डोंगरातल्या कुडपणला धाडलं. तिथं आईनं तिची छाती फडक्यानं करकचून बांधली. तरी दूध यायचं. मैना गोठ्यामागं जाऊन ते मातीत पिळून टाकायची.

इकडे आनंदीबाईंनी कसलीच हयगय केली नाही. बोअरचं पाणी उकळून उकळून निम्मं करायच्या, निववायच्या, मगच त्यात पावडर कालवायच्या. एका दुपारी पोराचे ओठ निळे पडले, मग नखं. महाडला पोचेपर्यंत ते गेलं होतं.

"बोअरच्या पाण्यात नायट्रेट आहे," तिथला डॉक्टर म्हणाला. "उकळून ते जात नाही, उलट वाढतं. एवढ्या लहान मुलाला अजिबात चालत नाही. हे तर जगभर कधीचंच ठरलेलं आहे."

पाच देशांच्या यादीत नायट्रेट नव्हतं. त्याच्यात नवीन शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मैना कुडपणहून उतरली तेव्हा पोराला पुरूनही झालं होतं. आनंदीबाई चार बायकांसमोर म्हणाल्या, "हिच्या दुधानंच आधी बाधलं त्याला." मैना आल्या पावली परतली.

दिवाळीच्या सुमाराला देशांचं एकदाचं जमलं. ठरलेल्या प्रमाणाच्या कितीतरी खाली मैनाचं दूध होतं. रूपालीनं ते आधी आनंदीबाईंना सांगितलं. त्या पदर चाचपू लागल्या.

"आता कुनाला बोलू नको गो," त्या म्हणाल्या. "किशोर मोकळा होतोय तिच्यापासून. दुसरी बघितलीय."

रूपाली तशीच कुडपणला गेली. मैना शेतात नाचणीची कणसं कापत होती. ऐकताना तिचा विळा थांबला.

"म्हंजे चांगलं होतं माझं दूध?"

"हो."

"आत्याबाईंना सांगितलंस?"

"सांगितलं."

मैनाचा चेहरा एकदम उजळला. "मग मला न्यायला कवा येतायत?"

रूपालीला खोटं बोलता आलं असतं. ती बोलली नाही. किशोरचं जे ऐकलं होतं ते सगळं तिनं सांगितलं.

मैनानं विळा घट्ट धरून पुढची चार कणसं कापली. मग कापलेल्या नाचणीवरच ती खाली बसली.