उतरलेल्या अळ्या

मोपाने झाडांच्या रानात अळ्यांचा हंगाम लागला की दिवसभर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. पाऊस कसला मेला, लेंड्या पडतात! वर पानोपानी अळ्या चरतायत आणि खाली आपल्या डोक्यावर काळ्या लेंड्यांचा सडा. केसांत लेंड्या, चहात लेंड्या, झोपेत तोंड उघडं राहिलं तर तिथेही. त्या वर्षी तर इतक्या अळ्या होत्या, की माझ्या काकाने सायकल झाडाला टेकवून डुलकी काढली आणि उठून बघतो तर हँडलच्या रबरी मुठी गायब! खोटं वाटत असेल तर काकाला विचारा. तो मेलाय, पण विचारा.

माझा बाप खाणीत, आई दवाखान्यात. म्हणून मला आत्याबरोबर रानात, खायच्या अळ्या गोळा करून वाळवायच्या तळावर पाठवलं होतं. जेमतेम आठ-नऊ वर्षांची होते मी. तळावर नुसत्या बायका आणि पोरी. पद्धत अशी, की एका बादलीला दोघी. एकीने झाडावरून अळ्या तोडायच्या, दुसरीने पिळायच्या. पिळायच्या म्हणजे शेपटीला चिमटा काढायचा, डोक्याकडून दाबत आणायचं आणि फच्च! हिरवा, कोमट, आंबूस लगदा बाहेर. गाईने चावून टाकलेल्या चाऱ्यासारखा. अळीच्या अंगावर काटे, ते बोटांत घुसतात, आणि त्या जखमेत तो लगदा जातो. शी! हे सांगतानासुद्धा माझ्या घशाशी येतंय.

पहिल्याच दिवशी मी एक अळी पिळली. लगदा उडून आत्याच्या डोक्यावरच्या फडक्यावर बसला आणि मी सकाळची आंबील बाहेर काढली. पोरी हसून हसून लोळल्या. "ए साबण! तुझ्या गावात अळ्या आंघोळ करून येतात का गं?" ही नालेदी. सगळ्यांत ठसकेबाज. तेव्हापासून माझं नाव साबण.

आत्याने मला वाळवणाच्या चादरींजवळ बसवलं. उकडलेल्या अळ्या उन्हात पसरलेल्या असायच्या, त्यांवर धनेश पक्षी टपून. मी काठी घेऊन त्यांना हाकलायचं. सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत मी, ती सडका वास मारणारी चादर आणि तो पिवळ्या चोचीचा धनेश. बोलायला दुसरं कोणी नाही, मग त्याच्याशीच बोलायचे. तोही बोलायचा. त्याच्या सासूबद्दल त्याने जे सांगितलं ते तुमच्या वयाला ऐकण्यासारखं नाही.

पण पक्ष्याशी किती बोलणार? लांबून पोरींचं खिदळणं ऐकू यायचं आणि मी उगाच काठी आपटायचे. शेवटी आत्याचे पाय धरले.

"आत्या, मला एखाद्या जोडीत घाल ना."

"आणि कोणाच्या अंगावर ओकशील? आधी एक बादली पिळून भरून दाखव. मग नालेदीच्या जोडीत घालते. तिची जोडीदारीण तापाने घरी गेलीय. नाहीतर हंगाम संपेपर्यंत बस धनेशाशी लग्न लावून."

दुसऱ्या दिवशी मी बादली घेऊन लांबच्या झाडांकडे गेले. आणि काय बघते, बुंध्यावरून अळ्या आपल्या आपण खाली उतरतायत! जाडजूड, संथ, कोणी लग्नाला निघाल्यासारख्या. एक काठीने दाबून पाहिली. काहीच नाही! पोट साफ. लगदा नाही, वास नाही. मला वाटलं, देवाने माझ्यासाठीच धुऊन पाठवल्या. भराभर बादली भरली, हातसुद्धा ओले झाले नाहीत.

"मूर्ख आहेस काय गं तू?"

मागे मोसिदी उभी. तळावर एकटी बादली भरणारी तीच. तिच्याबरोबर कोणीच जोडी करत नसे, आणि मीही केली नसती. तिचा डावा कान वाहायचा. त्याला असा वास, की माशा आमचं मटण सोडून तिच्याकडे जायच्या. नाकातला शेंबूड ती जिभेने पुसायची. हात कोपरापर्यंत हिरवे, आणि त्याच हाताने डोकं खाजवायची. तिला बघितलं की मी श्वास रोखून धरायचे.

"का? साफ आहेत अळ्या," मी नाक दाबून म्हणाले.

"साफ असणारच! ह्या उतरलेल्या आहेत. पोट रिकामं करून मातीत झोपायला चालल्यात. ह्यांचीच पोरं पुढच्या वर्षी झाडावर येणार. उतरलेलीला कोणी हात लावतं का? गावच्या पाटलाने बघितलं ना, तर आख्खा तळ उठवील. आणि त्याआधी तुझी आत्या तुला उठवील."

मी बादली खाली ठेवली. मोसिदीने बादली उपडी केली. अळ्या सावकाश वळल्या आणि कुठे जायचं होतं तिकडे निघाल्या.

"आता?" मी रडकुंडीला आले.

"आता काय, भर खऱ्या अळ्यांनी. मी तोडते, तू पीळ."

"मी नाही पिळणार. मला घाण वाटते."

"मग नको पिळू. मला काय! मी माझी बादली भरते." ती खरंच निघाली. कानाजवळच्या माशाही तिच्याबरोबर निघाल्या.

"थांब!" मी ओरडले.

मग मी पिळल्या. डोळे मिटून पिळल्या, तर एक फवारा थेट नाकात. डोळे उघडून पिळल्या, तर डोळ्यात. एकदा तोंड उघडं राहिलं. ती चव सांगू? कडू पाला, आंबलेलं ताक आणि मेलेल्या उंदराचा वास एकत्र करा. मी वाकले आणि भडाभडा ओकले. बरोबर मोसिदीच्या पायांवर.

मला वाटलं, आता झापड बसणार. ती वाकून बघत राहिली.

"आंबीलच आहे," ती म्हणाली. "तुझी आत्या दूध घालते वाटतं? आम्ही पाणीच घालतो." आणि गवताला पाय पुसून परत झाडावर चढली.

त्यानंतर मी आणखी ओकले, पण पिळायचं थांबवलं नाही. बादली भरेपर्यंत माझेही हात कोपरापर्यंत हिरवे. नखांत घाण, भुवयांवर घाण. माशांना आता कळेना, हिच्याकडे जावं की तिच्याकडे.

तळावर आत्याने बादलीत हात घालून बुडापर्यंत चाचपलं. एक अळी दाबून पाहिली.

"पिळल्या कोणी?"

"मी."

"खरंच की गं! हात तर बघ, माझी भाची शोभतेस. आणि तोडल्या कोणी? का तेही एकटीनेच?"

नालेदी शेजारीच उभी होती. तिने माझ्यासाठी बसायला जागासुद्धा केली, तिच्या कमरेच्या स्वच्छ फडक्याचा घोळ बाजूला ओढून. मोसिदी मागे लांब उभी. ती नेहमी लांबच थांबायची, कोणी हाकलायच्या आत. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर मी नालेदीची जोडीदारीण. खिदळणं, गाणी, सगळं. आणि मोसिदीचं नाव घेतलं, तर बादली दोघींची, जोडीही तिच्याशीच, आणि हंगामभर तो कान.

वाऱ्याबरोबर वास आला. मला परत उमासा आला.

पण नालेदीकडे बघितलं आणि वाटलं, ही परत मला साबण म्हणणार. हिच्यासमोर मला रोज ओकारी गिळून बसावं लागणार. मोसिदीसमोर तर पोटातलं सगळं काढून झालं होतं. आता तिच्यापासून झाकायला काय उरलं होतं?

"मोसिदीने तोडल्या," मी म्हणाले.

"ईऽऽ!" पोरींनी एका सुरात केलं. नालेदीने घोळ परत पसरला. "घाणीला घाण मिळाली गं बाई!"

"मिळाली तर मिळाली," आत्या म्हणाली. "जेवायला बसा."

जोडीला एकच थाळी मिळते. मोसिदीने आंबील आणि अळ्यांची थाळी माझ्यासमोर ठेवली आणि तिच्या त्या हाताने मधोमध एक रेघ ओढली.

"ही तुझी बाजू. मी पलीकडे हात नाही घालणार."

"कान तिकडे कर," मी म्हणाले.

तिने कान तिकडे केला. मी श्वास रोखून, रेघेपासून लांबच्या कडेने पहिला घास घेतला. ती माझ्याकडे न बघता खात होती, पण जिभेने नाक मात्र पुसत नव्हती. तेवढ्यासाठी तिला केवढा जोर लागत होता, ते दिसत होतं.