खालच्या पट्टीतली कियोमी

कियोमी हानादा कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या त्या छोट्या स्टुडिओत आली, तेव्हा विनीता सबनीसला वाटलं, चुकून दुसरीच बाई आली. कियोमीच्या जुन्या जपानी रेकॉर्डच्या कव्हरांवरची ती रिबिनी बांधलेली, किणकिणत्या आवाजाची पोरगी आणि ही राखाडी स्वेटरमधली, हळू बोलणारी तिशीतली बाई, यांचा मेळच बसेना.

विनीता मूळची नागपूरची. एम.एस. करायला आली आणि सिंथेसायझर बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. दिवसभर यंत्रांतून नवे आवाज काढायचे आणि वीकेंडला त्याच यंत्रांवर नाचाची गाणी रचायची, असं तिचं चाललं होतं. १९८६ च्या उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका लहान रेकॉर्ड कंपनीचा मालक ड्वेन तिला म्हणाला, "जपानची कियोमी इंग्लिशमध्ये डान्स रेकॉर्ड करतेय. प्रोड्यूसर तू." विनीताचं नाव पहिल्यांदाच कव्हरवर छापून येणार होतं. तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

पण पहिल्याच दिवशी माशी शिंकली. कियोमी मुखडा सुरेख म्हणायची, पण वरचा सूर आला की आवाज फाटायचा. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. शेवटी कियोमीने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"ड्वेनना सांगू नका," ती तुटक इंग्लिशमध्ये म्हणाली. "माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. वरचे सूर तेव्हाच गेले. टोकियोच्या कंपनीने मला सोडलं. वाटलं, अमेरिकेत मशिनं आहेत, ती सांभाळून घेतील."

मशिनं सांभाळून घेणार होतीच. विनीताने टेप हळू चालवून कियोमीला खालच्या सुरात गायला लावलं आणि मग टेप नेहमीच्या वेगाने सोडली. आवाज टुणकन वर गेला. रिबिनींवाली पोरगी जशीच्या तशी हजर! ड्वेनने ते फोनवर ऐकलं आणि तो हरखूनच गेला.

कियोमीने मात्र मान कलती करून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "छान गाते ही."

तिच्या बोलण्यात ना राग होता ना टोमणा. म्हणूनच विनीताला ते लागलं.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नंदू म्हणाला, "यार, ड्वेन हॅपी आहे, काम कम्प्लीट झालंय. आता रिस्क कशाला घेतेस? तुझाही पहिलाच चान्स आहे."

"कळतंय रे मला. पण तिच्याच रेकॉर्डवर तीच नाही. नागपूरला आमच्या गाण्याच्या बाई गळा बसलेल्या मुलीला घरी नाही पाठवायच्या, पेटीची पट्टी उतरवायच्या. मी इतकी मशिनं घेऊन बसलेय, आणि मला एवढं सुचू नये?"

दुसऱ्या दिवशी तिने सगळं गाणं खाली आणलं. कियोमी घाबरलीच. "त्या आवाजाला कोणी ओळखत नाही."

"मी तरी कुठे ओळखते? ऐकू तर द्या."

कियोमी गायली. आवाज जाड होता, थोडा खरखरीत, पण असा जवळचा की विनीताचा हात बटणावरच राहिला. अडचण एकच होती. सिंथेसायझरचे खालचे सूर आणि तिचा आवाज एकाच पट्टीत येऊन एकमेकांना झाकत होते. कियोमी गाते तिथला सिंथेसायझर विनीताने काढूनच टाकला. तिथे फक्त ठेका राहिला. मग कियोमीलाच हुरूप आला. "हा ड्रम जरा मागून येऊ दे," ती टेबलावर ताल धरत म्हणाली. कडव्यातली एक ओळ तिने जपानीत बदलली. दोघी हसतहसत भांडल्या, जेवण विसरल्या.

ड्वेनला खरं काय ते कियोमीनेच सांगितलं. तो भडकला, "मी त्या आवाजासाठी तुला आणलं!" विनीता म्हणाली, "लोकांना ऐकवू. दोन्ही."

रविवारी दुपारी ड्वेनच्या ओळखीच्या क्लबात नाच असायचा. तिथे आधी उंच आवाजाची टेप लागली. लोक मजेत नाचले. मग दुसरी लागली. सुरुवातीच्या खालच्या सुरांना काही जण पाणी प्यायला वळले. कियोमीने विनीताचं मनगट धरलं. सिंथेसायझर थांबला, नुसता ठेका आणि तो आवाज उरला, तेव्हा वळलेल्यांतले दोघे परत आले, मग आणखी काही. एका उंच माणसाने नाचतानाच डोळे मिटून घेतले. जपानी ओळ कोणालाच कळली नाही, पण दुसऱ्यांदा आली तेव्हा लोक ती गुणगुणायला लागले, चुकीचीच.

"विनीता," कियोमी कानाशी म्हणाली, "ते माझी ओळ गातायत."

ड्वेन काही लगेच विरघळला नाही. त्याने उंच आवाज पुढच्या बाजूला घातला आणि खरा आवाज मागच्या. पण शिकागोच्या, न्यूयॉर्कच्या डीजेंनी रेकॉर्ड उलटी करून वाजवली. हिवाळ्यात स्टुडिओत ड्वेनचा फोन आला. तो खाकरत म्हणाला, "अजून एक करता? मागच्या बाजूसारखं."

विनीताने रिसीव्हर कियोमीकडे दिला. कियोमीने दमात घेतल्यासारखं विचारलं, "सगळं जपानीत चालेल?" पलीकडून काय उत्तर आलं ते विनीताला ऐकू आलं नाही, पण कियोमी भुवया उडवत हसली आणि दुसऱ्या हाताने तिने ड्रम मशीन चालू केलं.