पडद्याच्या कडेवरची पावडर

मित्रांनो, माझा मूळ रंग गडद हिरवा होता, यावर आता तुमचा विश्वास बसणार नाही. मी एक जुना पडदा आहे. रुग्णालयाच्या एका लांबट खोलीत, खिडकीजवळच्या खाटेभोवती मी दांडीवर टांगलेला असतो. पडद्याचे काम झाकण्याचे, हे खरे. पण चौकसपणा माझ्या धाग्याधाग्यात भिनला आहे.

एका गिरणीत मी विणला गेलो. शिंप्याने माझ्या वरच्या काठाला कड्या बसवल्या आणि "आता लोकांची लाज राख रे," असे म्हणून माझी घडी घातली. ती मी मनापासून राखली. पट्टी बदलताना, कपडे बदलताना, रडतानाही माणसे माझ्याआड निर्धास्त असत. "पडदा आहे म्हणून बरं," असे कोणी म्हटले की मी फुलून जाई. हात तर मला फार आवडत. गार हात, खरखरीत हात, घाईचे हात. सगळे माझी एकच कड धरत.

डाग पडला तरच मला धुवायला नेत. एरवी महिनोन्महिने मला कोणी विचारत नसे.

मग खोलीत एक कोडे पडले. माझ्या खाटेवर आलेल्या दोन रुग्णांच्या जखमा एकामागून एक चिघळल्या. डॉक्टर तर जवळ येण्याआधी बेसिनपाशी नीट हात धुवत. मग माशी शिंकत होती कुठे? विचार करून मी थकलो. त्यातच माझ्या खाटेवर बसचालक काका आले. त्यांच्या गुडघ्यात नवा सांधा बसवला होता. जखम चिघळली तर गुडघा पुन्हा उघडावा लागेल, हे त्यांना कळले होते.

"सिस्टर, मी परत गाडी चालवीन ना हो?" ते सारखे विचारत. मोठ्या सिस्टर "चालवाल की" म्हणत, पण त्यांची नजर खोलीभर काहीतरी शोधत असे.

एका सकाळी ती नजर माझ्यावर थांबली. त्यांनी काकांच्या मेजावरची पावडर घेतली आणि माझ्या कडेला चोळली.

"पडद्यालाही घाम येतो काय?" काकांनी विचारले.

"गंमत बघा. तोंडातून ब्र काढायचा नाही," असे म्हणून त्या हात धुऊन आल्या आणि काकांची उशी सारखी करू लागल्या.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी साबण लावून हात धुतले, पुसले, मला बाजूला सारले आणि पट्टी काढायला वाकले.

"थांबा डॉक्टर! हात बघा आधी," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांचा तळवा पांढरा झाला होता. "अहो, आत्ताच तर धुतले!"

"धुतलेत, पण मग पडदा धरलात." सिस्टर हसल्या आणि त्यांची नजर उशीवर गेली. काकांच्या उशीवरही पांढरी बोटे उमटली होती. हात धुऊन आल्यावर त्यांनीही सवयीने मलाच सारले होते! "घ्या, मीही त्यातलीच," त्या कपाळाला हात लावता लावता थांबल्या.

"आमच्या बसमधल्या दांड्यासारखंच की हे," काका म्हणाले. "सगळ्यांचे हात एकाच जागी."

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. त्या दोघांच्या जखमा माझ्यामुळे चिघळल्या असतील का?

"याच्यामुळेच झालं असं मी म्हणत नाही," जणू माझे ऐकून सिस्टर म्हणाल्या, "पण हा रस्ता तरी बंद करू."

तेव्हापासून आधी पडदा सारायचा, मग हात स्वच्छ करायचे आणि मगच रुग्णाजवळ जायचे, असा शिरस्ता पडला. हातांना चोळायच्या जंतुनाशक औषधाची बाटली खाटेपाशीच आली. मलाही डागाची वाट न बघता गरम पाण्यात धुऊ लागले. माझा रंग उडाला तो असा, आणि त्याचे मला जराही दुःख नाही.

काकांची जखम कोरडी राहिली. घरी जाताना ते कुबड्या टेकत माझ्यापाशी थांबले. त्यांनी निरोपाचा हात पुढे केला आणि झटकन मागे घेतला.

"नको रे बाबा. आता या खाटेवर दुसरं कुणीतरी येणार," ते म्हणाले आणि लांबूनच मान हलवून निघाले.

आजवर किती हातांनी मला धरले, पण त्या न लागलेल्या हाताइतकी माया मला कशातच जाणवली नाही. मित्रांनो, तुम्ही कधी आजारी माणसाला भेटायला आलात, तर मला खुशाल बाजूला सारा. पण मग हात धुवा, आणि मगच त्याचा हात हातात घ्या.