दूध कोणी प्यायलं?

त्या सकाळी सालकाच्या तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. वाळवंटातली ती निर्वासितांची छावणी, निम्मी आत आणि उरलेली निम्मी दाराशी ताटकळत उभी. ज्यांना काहीच दिसत नव्हतं तेच सगळ्यांत मोठ्याने सांगत होते, "प्यायला गं बाई, सगळं दूध प्यायला."

प्यायला होता म्हणे जिन्न. निदान मुलाय झैनचं म्हणणं तसं होतं. हा मुलाय गेल्याच आठवड्यात उत्तरेकडून छावणीत उगवला होता. निळा पायघोळ झगा, डोळ्यांत बोटभर सुरमा आणि तोंडात अखंड बडबड. त्या सकाळी तंबूत शिरल्या शिरल्या त्याने गालिचा गुंडाळायला लावला, कारण जिन्नाला लोकर चालत नाही. मग उघड्या वाळूत त्याने आपला लाकडी वाडगा घट्ट रोवला. वाडग्याच्या मधोमध एक जाड खुंटी होती. ती बुडेपर्यंत त्यात बकरीचं दूध ओतलं, वर काळं फडकं टाकलं आणि डोळे मिटून तो पुटपुटत बसला. फडकं उचललं तेव्हा तळाला जेमतेम घोटभर दूध उरलं होतं.

"पाहिलंत?" मुलाय म्हणाला. "सुनेच्या पोटात ठाण मांडून बसलाय. ती खाते आणि हा गिळतो. आज दूध मागितलं, उद्या बाळ मागेल."

सालकाने हात जोडले. "उपाय सांगा, बाबा. मागाल ते देते."

"मला काय करायचंय, मी फकीर माणूस. पण जिन्न फुकटात उठत नाही. दुभती बकरी लागेल त्याला. आणि तोवर त्याचं पोट भरलेलं ठेवा. सकाळ-संध्याकाळ जवाची घट्ट लापशी, वर गव्हाची भाकरी. तो तृप्त राहिला तर बाळाकडे बघणार नाही."

कोपऱ्यात उशीला टेकलेली नुएना हे सगळं ऐकत होती. तिला पाचवा महिना होता आणि मनगटं मात्र काडीसारखी झाली होती. "बकरी घेऊन जिन्न काय करणार?" तिने विचारलं. "धार काढायला शिकलाय का तो?"

दाराशी कोणीतरी फिसकन हसलं. "गप गं," सालका म्हणाली, "मोठ्या माणसांशी असं बोलतात का?"

सालका वाईट सासू नव्हती. उलट सुनेवर तिचा इतका जीव, की तोच सुनेच्या जिवाशी आला होता. त्या मुलखात भरल्या अंगाची बाई म्हणजे घराची शोभा, आणि गरोदर सून वाळली तर लोक सासूकडे बघतात. म्हणून सालका रोज तिच्यासमोर जवाच्या लापशीचा डोंगर घेऊन बसायची. "हा एक घास माझ्यासाठी, हा बाळासाठी," करत भरवायची. नुएना बिचारी गिळायची. मग पोट फुगायचं, मुरडा यायचा आणि ती तंबूमागे धावायची. जितकं खावं तितकी ती वाळत होती. आता यात जिन्न नाही तर काय, असं सालकाला वाटलं असेल तर तिचं तरी काय चुकलं?

नुएनाच्या मनात मात्र एक गोष्ट घोळत होती. मध्यंतरी मदतीच्या शिध्यातल्या पिठाचा ट्रक आलाच नव्हता. सगळी छावणी कावली होती, भात, मसूर आणि खजुरावर दिवस काढत होती. आणि नेमकी तेव्हाच ती ठणठणीत होती. पोट शांत, झोप छान. पीठ आलं आणि पुन्हा सगळं सुरू झालं. हे तिने दवाखान्यातल्या डॉक्टर मिनेतूला सांगितलं, तेव्हा मिनेतूने लगेच रक्त काढून शहराला पाठवलं होतं. आज निकाल येणार होता. पण सालकाला धीर कुठला.

"झरगाला आणा," ती डोळे पुसत म्हणाली.

झरगा म्हणजे घरातली एकुलती एक दुभती बकरी. तिच्याच दुधावर नुएना कशीबशी तग धरून होती. "आई, तिला देऊ नका," ती म्हणाली. "ती गेली तर मी खाऊ काय?"

"बाळ वाचलं तर सगळं आहे," सालका म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

झरगाला आत आणलं. मुलायने दोरी हातात घेतली, खूश होऊन तिच्या पाठीवर थाप मारली. बकरी काही त्याच्याकडे बघेना. तिने नाक वर केलं, हुंगलं, दोरीला हिसका दिला आणि थेट वाडग्याकडे गेली. डोक्याने वाडगा कलंडवला आणि त्याखालची वाळू चाटायला लागली. चाटतेय आपली, मिटक्या मारत चाटतेय.

"हाकला तिला, जिन्न कोपेल," मुलाय ओरडला आणि पायाने त्या जागेवर कोरडी वाळू सारू लागला.

नुएना उशीवरून उठली. अंगात त्राण नव्हतं, तरी गुडघ्यांवर सरकत आली आणि तिने वाळूत हात खुपसला. मूठ बाहेर काढली तर ओल्या वाळूचा गोळा. तिने वास घेतला आणि तिला हसूच फुटलं. "आई, तुमचा जिन्न वरून पितो आणि खालून गळतो."

"तो जिन्नाचा घाम आहे," मुलाय म्हणाला.

"घामाला दुधाचा वास?" दारातून आवाज आला. डॉक्टर मिनेतू हातात लिफाफा घेऊन उभी होती. क्युबात शिकून आलेली ही बाई, गर्दीतून वाट काढण्यात पटाईत. "बघू तो वाडगा. आणि पाणी द्या जरा कोणीतरी."

तिने वाडगा हातावर उंच धरला. अर्धा भरला, तर थेंबही गळला नाही. मग खुंटी बुडेपर्यंत भरला. वाडग्याच्या बुडातून जी धार लागली ती तिच्या चपला भिजवून, वाडगा जवळजवळ रिकामा करूनच थांबली. तंबूत असा हशा उसळला की झरगासुद्धा दचकली.

"खुंटी पोकळ आहे," मिनेतूने सांगितलं. "आत एक वाकडी नळी आहे. तिचं एक तोंड खुंटीच्या पायथ्याशी, दुसरं बुडाखाली. पाणी नळीच्या वळणावर चढलं की वाहायला लागतं आणि सगळं ओढून नेतं. खाली वाळू असली की ती मुकाट्याने पिते. बकरी मिळाल्यावर हाच वाडगा यांनी कमी भरला असता आणि सांगितलं असतं, बघा, जिन्न गेला."

मुलायला एकदम नमाजाची वेळ आठवली. वाडगा घ्यायलाही तो थांबला नाही.

लोक हसत होते, पण सालका हसली नाही. "दूध वाळूने प्यायलं, कबूल," ती म्हणाली. "पण माझ्या सुनेचं अन्न कोण खातंय ते सांग. मी या हातांनी भरवते तिला. कुठे जातं सगळं?"

मिनेतू तिच्याजवळ खाली बसली. "तेच सांगायला आलेय, मावशी. रक्तात निघालंय. हिच्या आतड्याला गहू आणि जव सोसत नाहीत. त्या पिठाने आतड्याच्या आतली मऊ लव झडते, मग दूध, मांस, खजूर, काहीच अंगी लागत नाही. आपल्या लोकांत हे दुखणं पुष्कळ सापडतं. पोटात कोणी बसलेलं नाही."

सालका आपल्या तळहातांकडे बघत राहिली. "म्हणजे मीच," ती म्हणाली आणि रडायला लागली.

नुएनाने तिचे दोन्ही हात धरले. "तुम्हाला कुठे माहीत होतं, आई. भरवायचं थांबू नका, फक्त ताट बदला."

"अगदी बरोबर," मिनेतू म्हणाली. "भात, मसूर, मका, अंडी, उंटाचं मांस, खजूर, झरगाचं दूध, गाजर-भोपळा मिळेल तेवढा. लोहाच्या आणि फॉलिकच्या गोळ्या मी देते, त्या चुकवायच्या नाहीत. हिचं भांडं वेगळं, चाळण वेगळी. कुसकुसही गव्हाचाच, त्याच्या डावाने हिचा भात ढवळायचा नाही. आणि हे बाळंतपणापुरतं नाही बरं, जन्मभराचं."

सगळ्यांत अवघड होतं ते पाहुणचाराचं. तिथे समोर आलेली भाकरी नाकारणं म्हणजे यजमानाचा अपमान. पण सालका आता सुनेबरोबर चहाला गेली की चहाचा पहिला पेला यायच्या आत सांगून टाकायची, "हिला भाकरी देशील तर माझ्याशी गाठ आहे." पुढच्या महिन्यांत नुएनाच्या मनगटांवर मांस चढलं आणि बांगड्या घट्ट झाल्या. त्या बांगड्या सालका भेटेल त्याला दाखवत सुटली.

मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. सातव्या दिवशी बारशाला सगळी छावणी लोटली, तेव्हा सालकाने मुलायचा वाडगा बाहेर काढला, वाळूत रोवला आणि काठोकाठ पाणी भरलं. पाणी गेलं. बायका पुन्हा हसल्या.

"नुसतं हसून घरी जाऊ नका," सालका म्हणाली. "मी हसले नव्हते, मी घाबरले होते, आणि घाबरले म्हणून बकरी द्यायला निघाले होते. तुमच्या दारी कोणी चमत्कार घेऊन आला तर आधी त्याच्या वाडग्याखाली हात घालून बघा. आणि घरातली लेक-सून वाळत असेल तर तिच्या पोटातला जिन्न शोधू नका, तिच्या ताटात काय आहे ते बघा, आणि तिला दवाखान्यात न्या. ती स्वतः काय सांगतेय तेही ऐका. माझी सांगत होती, मीच गप बसवत होते."

एवढं बोलून तिने नात मांडीवर घेतली आणि सुनेसमोर भाताचं ताट सरकवलं.