अनोळखी हाड

न्यायवैद्यक शास्त्राच्या वर्गात तिला सगळे 'चिमटा' म्हणत, कारण हातमोजे घातल्याशिवाय ती दाराची कडीसुद्धा काढत नसे. त्या दिवशीचं प्रात्यक्षिक तर निव्वळ पोरखेळ होता. आपल्या लाळेतला डीएनए काढायचा आणि एका अनोळखी हाडाच्या डीएनएशेजारी मांडायचा. परकी माणसं जुळत नाहीत, एवढंच दाखवायचं. हाड होतं कुणीच ओळख न पटवलेल्या एका जुन्या प्रेताचं.

पडद्यावर आकडे उमटले. डीएनएच्या प्रत्येक तपासलेल्या जागी दोन. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. पाहते तर प्रत्येक जागी तिचा एक आकडा हाडातही हजर. अगदी शेवटपर्यंत.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्गाला स्वच्छतेचे डोस पाजणाऱ्या चिमट्याचीच लाळ हाडात गेली म्हणजे शोभाच झाली. शेजारचा मित्र म्हणाला, "आता नाकालाही मोजे घाल." तिने मुकाट्याने सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. शेवटी खाली मान घालून ती बाईंकडे गेली.

बाईंनी कागद दोनदा पाहिला. "भेसळ असती तर एकेका जागी तीन-चार आकडे आले असते. हाडात दोनच आहेत. घरी कोण असतं गं तुझ्या?"

"आई आणि मी. बाबा मी लहान असतानाच दुसरीचा हात धरून गेले."

बाईंनी नुसती खुर्ची पुढे सरकवली. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. असं जुळतं ते आईबाप आणि लेकरातच. आणि आई तर सकाळीच तिच्याशी डब्यावरून भांडली होती.

"कधीचं आहे हे?"

बाईंनी सांगितलं. बाबा गेले तोच आठवडा. परगावच्या रस्त्यावर गाडीची धडक बसलेला माणूस, चौकशीला कुणी आलंच नाही.

येणार कोण? त्याच सुमारास बाबांच्या ऑफिसातली एक बाई नोकरी सोडून गेली होती आणि लोकांनी सुतावरून स्वर्ग गाठला होता. बापाच्या नावाने बोटं मोडतच ती मोठी झाली होती. आता त्याच बोटांनी तिने आईला फोन लावला.

"आई, तेव्हा आपण पोलिसांत का कळवलं नाही?"

"पळून गेलेल्याला काय शोधायचं? अब्रूचे धिंडवडे काढून घ्यायचे होते?"

"ते पळून गेले नव्हते, आई."

"मग इतकी वर्षं कुठे होता तो?"

"आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात."